बंद खिडक्या आणि रेडॉनची मोजणी

अमेरिकेत, विशेषतः न्यू जर्सी वा पेन्सिल्व्हेनिया या राज्यांत, घर विकत घेण्यास निघालेल्या मराठी कुटुंबाला खरेदीखतावर सही करण्यापूर्वी जे नाना तपास करून घ्यावे लागतात, त्यांत छप्पर, पाया, वीज आणि नळ यांच्या जोडीला आणखी एक तपास असतो, आणि प्रथमच पाहणाऱ्याला तो बुचकळ्यात टाकतो. तपासनीस येतो, तळघरात उंचशा जागी एक लहानसे यंत्र किंवा कोळशाची चपटी डबी ठेवतो, आणि जाताना घरात राहणाऱ्यांना बजावून जातो की, मोजणी पुरी होईपर्यंत एकही खिडकी उघडावयाची नाही, दारे जाण्यायेण्यापुरतीच उघडावयाची व लगेच लावून घ्यावयाची. स्वच्छ हवा हवी असेल तर खिडक्या उघडाव्यात, अशी शिकवण ज्यांना लहानपणापासून मिळाली, त्यांना हवेचीच परीक्षा घेताना हवा कोंडून ठेवण्याचा हा हुकूम चमत्कारिक वाटला तर नवल नाही.

ज्या वायूसाठी ही सारी खबरदारी घेतली जाते, त्याचे नाव रेडॉन. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो घरात शिरल्याने डोळे चुरचुरत नाहीत की डोके दुखत नाही, आणि म्हणून तो आहे किंवा नाही हे सांगण्यास मोजणीवाचून दुसरा कोणताही उपाय मनुष्याच्या हाती नाही. मोजणी स्वस्त आहे व सोपीही आहे. मात्र तिच्याबरोबर ज्या अटी येतात त्यांतील प्रत्येक अट या वायूच्या स्वभावातून निघालेली आहे. अटीमागचे कारण ज्याला समजलेले नसते तो ती सहज मोडतो, आणि डबी कोळशाची असली तर अट मोडल्याचे हाती आलेल्या आकड्यावरून कळतही नाही. तेव्हा आधी या वायूचा स्वभाव पाहू.

खडकाच्या कणातून मोकळ्या हवेत

पृथ्वीच्या कवचातील बहुतेक सर्व खडकांत आणि मातीत युरेनियम हे मूलद्रव्य अल्प प्रमाणात, सरासरीने दशलक्ष भागांत दोन-तीन भाग, आढळते. त्याचे अणू अस्थिर असतात. ते कण व किरण बाहेर टाकीत क्रमाक्रमाने निरनिराळ्या मूलद्रव्यांत रूपांतरित होत जातात, आणि या दीर्घ परंपरेत रेडियमचा जन्म होतो व रेडियमपासून रेडॉनचा. प्रारंभी असलेल्या अणूंपैकी निम्मे अणू जेवढ्या काळात रूपांतरित होतात त्या काळाला अर्धायुष्य म्हणतात. युरेनियमचे अर्धायुष्य सुमारे साडेचार अब्ज वर्षे, रेडियमचे १,६०० वर्षे, आणि रेडॉनचे अवघे ३.८ दिवस.

या वंशावळीत रेडॉनच्या आधीचे व नंतरचे सर्व सदस्य घनरूप आहेत आणि ज्या कणात जन्मले त्या कणाशीच बहुधा जखडलेले राहतात. रेडॉन तेवढा वायू, आणि तोही रासायनिक दृष्ट्या निष्क्रिय, म्हणजे कोणत्याही पदार्थाशी सहसा संयोग न पावणारा. त्यामुळे खडकाच्या सूक्ष्म भेगेत तो एकदा मोकळा झाला की त्याला अडवून धरणारे काही उरत नाही. ३.८ दिवसांचे अर्धायुष्यही येथे महत्त्वाचे ठरते. थोरियमपासून जन्मणाऱ्या रेडॉनच्या भावंडाचे, म्हणजे थोरॉनचे, अर्धायुष्य ५६ सेकंदांहूनही किंचित कमी असल्यामुळे त्याचा बराचसा भाग मातीतच संपून जातो. रेडॉनला मात्र मातीच्या पोकळ्यांतून वाट काढीत घराच्या पायापर्यंत पोहोचण्यास पुरेसा अवधी मिळतो. जो उघड्या जमिनीतून बाहेर पडतो तो वातावरणात विरून जातो, आणि त्याचे तेथील प्रमाण नगण्य असते. जो एखाद्या घराच्या खाली निघतो त्याची कथा वेगळी.

घर जमिनीतून हवा ओढते

रेडॉन घरात आपणहून झिरपतो एवढेच म्हणून भागत नाही. घर त्याला ओढून घेते. थंड प्रदेशात हिवाळ्यात घर आतून तापविलेले असते. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते आणि माळ्याच्या फटींतून, वरच्या मजल्यावरील खिडक्यांच्या कडांतून बाहेर निसटते. जेवढी वरून गेली तेवढी खालून आत यावीच लागते. चुलीवरच्या धुराड्यातून ऊन हवा वर निघून जाते म्हणून चुलीच्या तोंडाशी बाहेरची हवा आपोआप खेचली जाते, हे आपल्याकडे अनेकांनी पाहिलेले आहे; सगळे घर हेच एक मोठे धुराडे मानले तर तळघर हे त्याचे तोंड होय. तळघरातील दाब भोवतालच्या मातीतील दाबापेक्षा या ओढीमुळे किंचित कमी राहतो. हा फरक केवळ काही पास्कलांचा, आणि वातावरणाचा दाब एक लाख पास्कलांच्या घरात. तरीही एवढ्याशा फरकाने मातीतील हवा रात्रंदिवस आत येत राहते.

तिला वाटाही पुष्कळ असतात. काँक्रीटची जमीन आणि भिंत जेथे मिळतात तेथील सांधा, पाणी उपसण्यासाठी तळघरात केलेला खड्डा, नळ व तारा यांच्यासाठी पाडलेली भोके, पोकळ ठोकळ्यांच्या भिंतींचे गाळे, आणि काळाने पडलेल्या बारीक भेगा, या सर्वांतून ती येते. हिवाळ्यात बाहेरची जमीन गोठली, किंवा पावसाने भिजून तिचा पृष्ठभाग बुजला, की मातीतील वायूला वर निघण्याचा मार्ग बंद होतो आणि घराखालचा कोरडा पट्टा हीच त्याला सोयीची वाट उरते. स्वयंपाकघरातील हवा बाहेर फेकणारा पंखा किंवा कपडे वाळविण्याचे यंत्र चालू झाले म्हणजे घरातील दाब आणखी थोडा उतरतो.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. प्रदेशाचा भूगर्भ सारखा असला तरी एका घराची भेग दुसऱ्या घराला नसते, एकाच्या पायाखाली मोकळी खडी असते तर दुसऱ्याच्या खाली घट्ट चिकणमाती, आणि म्हणून शेजाऱ्याच्या घरातील आकडा पाहून स्वतःच्या घराविषयी काहीही अनुमान काढता येत नाही. सरकारी खात्यांनी प्रसिद्ध केलेले नकाशे कोणत्या जिल्ह्यात संभव अधिक आहे एवढेच सांगतात; विशिष्ट घराचा निर्णय त्यांवरून होत नाही.

खाणीतून घराकडे

मध्य युरोपात सॅक्सनी व बोहेमिया यांच्या सीमेवरील पर्वतराजीतल्या खाणकामगारांना छातीचा एक प्राणघातक विकार जडतो, याची नोंद सोळाव्या शतकातच आग्रिकोला या खाणविद्येच्या जर्मन पंडिताने करून ठेवली होती. श्नेबर्ग येथील खाणींत तो विकार फुप्फुसातील दुष्ट अर्बुदाचा आहे हे हेर्टिंग आणि हेसे या वैद्यांनी १८७९ मध्ये दाखविले. रेडॉनचा शोध त्यानंतर वीस वर्षांनी लागला आणि त्या दोहोंचा संबंध जुळण्यास आणखी काही दशके गेली. तरीही हा धोका खाणीपुरता आहे, अशीच समजूत दीर्घकाळ राहिली.

ती मोडली ती पेन्सिल्व्हेनियात. लिमरिक येथील अणुवीज केंद्राच्या उभारणीवर काम करणारे अभियंते स्टॅन्ली वॉट्रास यांच्यामुळे डिसेंबर १९८४ मध्ये तेथील किरणोत्सार शोधणाऱ्या यंत्राची घंटा वारंवार वाजू लागली, आणि केंद्रातून तर अजून विजेची निर्मितीही सुरू झाली नव्हती. शोध घेता असे आढळले की किरणोत्सारी कण त्यांच्या अंगावर केंद्रात चढत नव्हते. वॉट्रास ते घरून घेऊन येत होते. त्यांच्या घरातील हवेत रेडॉनचे प्रमाण लिटरमागे सुमारे २,७०० पिकोक्युरी निघाले, म्हणजे पुढे अमेरिकन शासनाने जी इशाऱ्याची मर्यादा ठरविली तिच्या सुमारे ६७५ पट. कुटुंबाला घर सोडून जावे लागले, आणि दुरुस्तीनंतर ते पुन्हा त्याच घरात राहावयास आले. तो भाग रीडिंग प्रॉन्ग नावाच्या प्राचीन खडकांच्या पट्ट्यात मोडतो. पेन्सिल्व्हेनियातून निघालेला हा पट्टा न्यू जर्सीच्या वायव्य भागातून पुढे न्यूयॉर्क राज्यात जातो.

हानी कशी होते तेही येथेच सांगितले पाहिजे. श्वासाबरोबर आत गेलेला रेडॉन बहुतांशी तसाच बाहेर पडतो. खरा अपाय त्याच्या संततीपासून. रेडॉनचा ऱ्हास होऊन पोलोनियम, शिसे व बिस्मथ यांचे जे अणू उत्पन्न होतात ते घनरूप असल्याने धुळीच्या कणांना चिकटतात, आणि श्वासनलिकांच्या अस्तरावर बसतात, आणि त्यांतील पोलोनियमचे अणू तेथेच अल्फा कण, म्हणजे ऱ्हासात अणूतून बाहेर फेकला जाणारा जड कण, सोडतात. अल्फा कण त्वचेवर बाहेरून पडला तर वरच्या मृत थरातच अडतो. परंतु श्वासनलिकेच्या आत तो थर नाही, आणि कणाची सारी ऊर्जा जिवंत पेशींवर खर्च होते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजाप्रमाणे त्या देशात दरवर्षी सुमारे २१,००० माणसे रेडॉनमुळे झालेल्या फुप्फुसाच्या कर्करोगाने दगावतात. धूम्रपान करणाऱ्यांना हा धोका कितीतरी अधिक. पण ज्यांनी कधी विडीला हात लावला नाही त्यांच्यातील फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमुख कारण रेडॉन हेच गणले जाते.

तीन प्रकारची साधने

पहिले साधन कोळशाची डबी. विशेष प्रक्रियेने अत्यंत सच्छिद्र केलेल्या कोळशाच्या पृष्ठभागावर वायूचे अणू येऊन चिकटतात. झाकण काढून डबी दोन ते सात दिवस ठेवतात, मग ती घट्ट बंद करून तत्काळ टपालाने प्रयोगशाळेकडे पाठवितात. ‘तत्काळ’ हा शब्द येथे औपचारिक नव्हे: डबीतील रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होतो, आणि आठवडाभर ती टेबलावर पडून राहिली तर मोजण्यासारखे फारसे शिल्लकच राहत नाही. कोळशाचा दुसरा दोष असा की तो जसा धरतो तसा सोडतोही; त्यामुळे शेवटच्या दिवसांतील हवेचा प्रभाव त्याच्यावर अधिक पडतो. तो हवेतील बाष्पही शोषतो, आणि त्याचा हिशेब करण्यासाठी प्रयोगशाळेत डबीचे वजन घेतात.

दुसरे साधन प्लॅस्टिकचा एक छोटा तुकडा. चष्म्याच्या भिंगांसाठी वापरतात त्या जातीचे हे प्लॅस्टिक लहान कुपीत ठेवलेले असते; कुपीत शिरलेल्या रेडॉनचे अल्फा कण त्यावर आदळून डोळ्यांस न दिसणाऱ्या जखमा करतात. तीन महिने ते एक वर्ष ठेवल्यावर प्रयोगशाळेत तो तुकडा कढत कॉस्टिक सोड्याच्या द्रावात बुडविला की त्या जखमा रुंदावतात व सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. उमटलेली जखम पुसली जात नाही, म्हणून संपूर्ण मुदतीची सरासरी या तुकड्यात सुरक्षित राहते. दीर्घ मोजणीसाठी माझ्या मते याहून विश्वासार्ह आणि स्वस्त साधन नाही.

तिसरे विजेवर चालणारे यंत्र, जे तासातासाचा आकडा नोंदविते. ते एकदा पाहिले म्हणजे एकाच घरात पहाटेचा आकडा दुपारच्या आकड्याहून किती निराळा असू शकतो ते प्रत्ययास येते. घरखरेदीच्या वेळी तपासनीस बहुधा हेच आणतात, कारण त्याला कोणी हलविले तर पुष्कळ यंत्रांत त्याचीही नोंद होते.

अटी आणि त्यांची कारणे

आता त्या बंद खिडक्यांकडे वळू. दोनतीन दिवसांच्या मोजणीत वर्षभराची खरी सरासरी सापडणे शक्य नसते, हे परीक्षा घेणाऱ्यांना पूर्ण ठाऊक आहे. म्हणून ते दुसराच प्रश्न विचारतात: वायू साठण्यास अनुकूल परिस्थिती असता या घरातील प्रमाण कोठवर जाते? तशा परिस्थितीतही आकडा लहान निघाला तर मनाला बरीच स्वस्थता मिळते. मोठा निघाला तर पुढील तपासाची तजवीज करता येते. खिडक्या उघड्या ठेवून मिळविलेल्या लहान आकड्याने यांपैकी काहीच साधत नाही. उघडे असलेले घर बंद केल्यावर रेडॉन व त्याची संतती यांचे प्रमाण स्थिर पातळीवर येण्यास काही तास लागतात, आणि म्हणूनच चार दिवसांहून कमी मुदतीच्या मोजणीत आरंभाच्या बारा तास आधीपासून घर बंद ठेवण्यास सांगतात. सोसाट्याचा वारा किंवा वादळ असेल तर मोजणी पुढे ढकलावी, कारण वाऱ्याने घरातील दाबाचे सारे गणित बदलते. घरातलीच हवा फिरविणारी तापनयंत्रणा चालू ठेवण्यास हरकत नाही. बाहेरची हवा आत आणणारे पंखे मात्र बंद हवेत.

जागेचेही तसेच आहे. ज्या सर्वांत खालच्या मजल्यावर माणसे वावरतात किंवा वावरणार आहेत तेथे साधन ठेवावे, कारण उगमाला तो मजला सर्वांत जवळचा. जमिनीपासून किमान वीस इंच उंच, खिडक्या व बाहेरच्या भिंती यांपासून दूर, वाऱ्याच्या झोतात नाही आणि उष्णतेजवळही नाही. स्वयंपाकघर व न्हाणीघर वर्ज्य, कारण तेथील बाष्प कोळशाला बाधते आणि तेथील पंखे हवा ओढून नेतात. साधनावर कापड टाकू नये, ते कपाटात ठेवू नये, मध्येच उचलून पाहू नये.

दीर्घ मोजणीला मात्र बंद घराची अट नसते. नेहमीप्रमाणे राहावे, खिडक्या उघडाव्यात, लावाव्यात, कारण तेथे प्रश्नच असा असतो की या कुटुंबाच्या प्रत्यक्ष राहणीत वर्षभरात किती रेडॉन श्वासात जातो. कॅनडात किमान तीन महिन्यांची, शक्यतो हिवाळ्यातील, मोजणी करण्याची शिफारस आहे. ब्रिटनमध्येही बहुधा तीन महिन्यांसाठी बैठकीत एक व निजण्याच्या खोलीत एक अशी दोन साधने ठेवतात. अमेरिकेत घाईची मोजणी रूढ झाली ती मुख्यतः घरखरेदीच्या करारनाम्याची मुदत थोडी असते म्हणून. व्यवहारापुरती ती योग्यच आहे. परंतु राहावयास गेल्यावर एकदा दीर्घ मोजणी करून घेणे हे मला अत्यावश्यक वाटते.

आकडा हाती आल्यावर

अमेरिकेत आकडा पिकोक्युरी प्रति लिटर या मापात येतो, इतरत्र बेकेरेल प्रति घनमीटर या मापात. लिटरमागे एक पिकोक्युरी म्हणजे घनमीटरमागे ३७ बेकेरेल असा हिशेब आहे. अमेरिकन मर्यादा चार पिकोक्युरी, म्हणजे १४८ बेकेरेल. याचा साधा अर्थ असा की अशा हवेच्या प्रत्येक लिटरमध्ये मिनिटाला रेडॉनचे सुमारे नऊ अणू फुटतात.

ही मर्यादा म्हणजे आरोग्याची सीमारेषा नव्हे, हे स्पष्टपणे सांगणे मला कर्तव्य वाटते. नऊ युरोपीय देशांतील तेरा अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार घनमीटरमागे दर १०० बेकेरेलला फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे १६ टक्क्यांनी वाढतो, आणि ज्याखाली धोका शून्य होतो अशी पातळी त्यात सापडली नाही. ३.९ निघाला म्हणून निर्धास्त आणि ४.१ निघाला म्हणून हवालदिल, असे वागण्यास म्हणून आधार नाही. अमेरिकन संस्थाही दोन ते चार यांमधील आकड्याला दुरुस्तीचा विचार करावा असेच सुचविते.

| चौकट : निरनिराळ्या मर्यादा |
|---|
| जागतिक आरोग्य संघटना (२००९) : १०० बेकेरेल, ते अशक्य असेल तेथे ३०० च्या वर नको |
| अमेरिका : १४८ बेकेरेल (४ पिकोक्युरी प्रति लिटर) |
| कॅनडा : २०० बेकेरेल |
| ब्रिटन : दुरुस्तीसाठी २००, उद्दिष्ट १०० बेकेरेल |
| पहिली अल्प मोजणी मर्यादेवर गेली तर दुसरी करावी. पहिलीच दुपटीहून अधिक असेल तर दुसरी अल्प मुदतीचीच करावी, महिनोन्महिने थांबू नये |

दुरुस्ती

उपाय शोधताना पहिली कल्पना सुचते ती भेगा बुजविण्याची, आणि ती एकटी पुरत नाही. घर हलते, नव्या भेगा पडतात, आणि न दिसणाऱ्या वाटा राहूनच जातात. खरा उपाय दाबाची दिशा उलटविण्याचा आहे. तळघराच्या काँक्रीटला भोक पाडून खालच्या खडीत नळी सोडतात, ती छपराच्या वर नेतात आणि तिला सतत चालणारा पंखा जोडतात. त्यामुळे काँक्रीटखालचा दाब तळघरातील दाबाहून कमी होतो, आणि मातीतील वायू घरात न येता नळीने छपरावर निघून जातो. पंखा राहत्या भागात बसवीत नाहीत, कारण त्याच्या पुढील नळीत गळती झाली तर नेमका दाट रेडॉन खोलीतच फेकला जाईल. नळीवर रंगीत द्राव भरलेली इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची काचनळी लावलेली असते. तिच्या दोन बाजूंची पातळी असमान दिसली म्हणजे ओढ चालू आहे, समान झाली म्हणजे पंखा बंद पडला. काम झाल्यावर एक दिवस जाऊ द्यावा व महिन्याच्या आत पुन्हा मोजणी करावी, आणि त्यानंतरही दर दोन वर्षांनी.

महाराष्ट्रात हा प्रश्न इतक्या तीव्रतेने का उद्भवत नाही, असे कोणी विचारील. दख्खनच्या बेसाल्टात युरेनियमचे प्रमाण ग्रॅनाइटच्या मानाने बरेच कमी; घराखाली तळघर सहसा नसते, हिवाळ्यात घर तापवावे लागत नाही, आणि खिडक्या वर्षातील बहुतेक काळ उघड्या असतात. परंतु याच राहणीत वाढलेली माणसे जेव्हा एडिसन, टोरांटो किंवा फिलाडेल्फियाच्या उपनगरांत जातात, तेव्हा तळघराला सतरंजी व पडदे लावून त्याची मुलांची खेळण्याची खोली करतात, आणि भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांची निजण्याची सोयही पुष्कळदा तेथेच होते. ज्यांची अशी घरे आहेत त्यांनी येत्या हिवाळ्यात तळघरात एक डबी अवश्य ठेवावी. आणि ज्यांची मुले तिकडे स्थायिक झाली आहेत त्यांनी पुढच्या दूरध्वनीत हवापाण्याची चौकशी झाल्यावर, तळघराची मोजणी झाली आहे काय आणि आकडा किती निघाला, एवढे आवर्जून विचारावे.